त्यांचा नियम माझ्या अंगावर का?

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते.

"मावशी, नमस्कार. मी मूळची मिरजेची, आता तीन वर्षं झाली वॉशिंग्टन राज्यात एका छोट्या गावात राहते, नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. मला २६ वा आठवडा चालू आहे, दुसऱ्यांदा. पहिलं सीझर होतं, हेही सीझरच ठरलंय. दोन मुलं पुरे असं आमचं दोघांचं ठरलं आहे म्हणून मी डॉक्टरना सांगितलं की त्याच वेळी ऑपरेशनपण करून टाका. तर त्या म्हणाल्या मी आनंदाने केलं असतं, पण हे हॉस्पिटल कॅथलिक आहे, इथे ते चालत नाही. दुसरं हॉस्पिटल ७० मैलांवर. सासूबाई म्हणतात एवढं काय, पुढच्या वर्षी इंडियात या, आपल्याकडे अर्ध्या तासात करून देतात. माझ्या आजीला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलने वाचवलंय, त्यामुळे ख्रिश्चन हॉस्पिटलबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण मी तर ख्रिश्चनही नाही मग त्यांचा नियम माझ्या अंगावर का? आणि ते सरकारचा पैसा घेतात ना? अमेरिकेत धर्म वेगळा आणि सरकार वेगळं असं म्हणतात ते मग काय? मी भांडू, की गप्प बसू? – मिरजेची लेक"

अगं पोरी, तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी उठून परत वाचलं. सगळ्यात आधी हे सांगते की तुझ्या हातात वेळ आहे. २६ वा आठवडा म्हणजे खूप वेळ नाही पण पुरेसा आहे, फक्त तो आता "बघू, करू" मध्ये घालवायचा नाही. आणि तुझ्या डॉक्टरबाईंनी हे आत्ताच स्पष्ट सांगितलं त्याबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार मान, कारण सगळ्यांना हे वेळेवर कळतंच असं नाही.

मला नव्हतं कळलं. माझं दुसरं बाळंतपण २००६ सालचं, मिडवेस्टातल्या एका गावात, हॉस्पिटलचं नाव नाही सांगत. मला वाटत होतं सगळं ठरलंय, डॉक्टरांशी बोलणं झालंय, आणि ३७ व्या आठवड्यात फॉर्म भरायला गेले तर काउंटरवरच्या बाईने ती एक ओळ पेनने खोडली आणि म्हणाली हे आम्ही करत नाही हनी. बस एवढंच. का, मग कुठे करतात, आता मी काय करायचं, काही नाही. तेव्हा दुसरीकडे जायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता, आपण परदेशात, कोणाला काय विचारायचं. बाळ झालं, त्याला कावीळ झाली, तीन रात्री काचेच्या पेटीत होतं, आणि त्या तीन रात्री त्याच हॉस्पिटलातली एक म्हातारी सिस्टर, नन, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली. माझा हात धरून. तिचा चेहरा मला आजही लख्ख आठवतो. आणि १४ महिन्यांनी मला परत दिवस गेले. तो मुलगा आज कॉलेजात आहे, जीव की प्राण आहे माझा, त्याच्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. पण ते गर्भारपण मी बीपीने सात आठवडे आडवं पडून काढलं आणि घरात दोन लहान पोरं होती, ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. त्या सिस्टरची माया खरी होती आणि पेनने खोडलेली ती ओळही खरी होती. दोन्ही एकाच छताखाली होतं. तुला तुझ्या आजीमुळे जी ओढाताण होतेय ना, ती मला म्हणून कळते.

आता तुझा प्रश्न, त्यांचा नियम माझ्या अंगावर का.

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशप लोकांच्या परिषदेने हॉस्पिटलांसाठी एक नियमावली केलेली आहे, नैतिक आणि धार्मिक आदेश असं म्हणू आपण तिला. कॅथलिक म्हणवणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला ती पाळावी लागते आणि त्या त्या भागाचा बिशप त्यावर लक्ष ठेवतो. तिच्या २०१८ च्या आवृत्तीत ५३ नंबरचा आदेश आहे, बाईची असो वा पुरुषाची, निव्वळ मूल होऊ नये म्हणून केलेली नसबंदी कॅथलिक संस्थेत करायची नाही. गर्भपात नाही, गर्भनिरोधनाला पाठिंबा नाही. म्हणजे तांबी बसवणं किंवा गोळ्या लिहून देणं हेसुद्धा बऱ्याच ठिकाणी अडतं, काही ठिकाणी डॉक्टर दुसरं काहीतरी कारण लिहून मार्ग काढतात. यामागची शिकवण जुनीच आहे, १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती पुन्हा ठासून सांगितली, की संभोग आणि संतती यांची माणसाने मुद्दाम फारकत करू नये. ज्याला हे मनापासून पटतं त्याच्याशी माझं भांडण नाही, कुणी एकादशी करतं, कुणी कांदा-लसूण खात नाही, तसं हे त्यांचं आहे. पण एकादशी मी करते म्हणून शेजारणीच्या पोराला उपाशी ठेवायचं नसतं एवढं आपल्या आज्यांनाही कळत होतं.

आणि हे काही एखाद-दुसरं हॉस्पिटल नाहीये. अख्ख्या अमेरिकेत हॉस्पिटलच्या साधारण दर सहा खाटांमागे एक खाट कॅथलिक नियमांखाली आहे. २०१६ च्या एका पाहणीत अलास्का, आयोवा, साउथ डकोटा, विस्कॉन्सिन आणि तुझं वॉशिंग्टन या राज्यांत तर शंभरातल्या चाळीसहून जास्त खाटा तशा निघाल्या. नावावरून कळत नाही हा आणखी एक घोळ. सेंट अमुक, होली तमुक असेल तर अंदाज येतो, पण प्रॉव्हिडन्स, असेन्शन, कॉमनस्पिरिट, ट्रिनिटी ही मोठमोठी नावं ऐकून आपल्यासारख्याला काय कळणार? त्यात सतत विलीनीकरणं चालू असतात, काल साधं असलेलं गावातलं हॉस्पिटल आज मोठ्या कॅथलिक कंपनीत गेलं की बोर्ड तोच, डॉक्टर तेच, पण आत काय मिळतं ते बदललेलं असतं. इथे जन्मलेल्या बायकांनाही पत्ता नसतो गं, आपण तर लांबून आलेलो.

सरकारच्या पैशाचं विचारलंस. हो, घेतात, आणि थोडाथोडका नाही. मेडिकेअर, मेडिकेड, म्हणजे म्हाताऱ्यांचा आणि गरिबांचा सरकारी विमा, १९६५ पासून आहे, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलचं पोट त्यावर चालतं, आणि त्याआधी १९४६ च्या एका कायद्याने सरकारने हॉस्पिटलं बांधायलाही पैसे वाटले, त्यातून किती तरी कॅथलिक इमारती उभ्या राहिल्या. मग ती धर्म आणि सरकार यांच्यामधली भिंत कुठे गेली? भिंत हा शब्द जेफरसनचा, १८०२ मध्ये त्याने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट लोकांना लिहिलेल्या पत्रातला. घटनेत तो शब्द नाही. पहिल्या घटनादुरुस्तीत दोन गोष्टी आहेत, सरकारने कुठला धर्म स्थापन करायचा नाही आणि कुणाच्या धर्मपालनात आडवं यायचं नाही, आणि हॉस्पिटलच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालतात. १८९९ मध्येच हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता. राजधानीच्या वॉशिंग्टन शहरातलं प्रॉव्हिडन्स हॉस्पिटल, चालवणाऱ्या कॅथलिक नन्स, आणि सरकार तिथे साथीच्या रोग्यांसाठी इमारत बांधायला पैसे देणार, चालेल का? कोर्ट म्हणालं चालेल, कारण कागदोपत्री ती एक नोंदणी केलेली संस्था आहे, काम रोगी बरे करण्याचं आहे, चालवणाऱ्यांचा धर्म कुठला याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. मला हा निकाल वाचताना नेहमी वाटतं की अरे, मग उलट बाजूनेही ते खरं हवं ना, पैसे घेताना तुम्ही साधं हॉस्पिटल, आणि पेशंटला नाही म्हणताना मात्र चर्च?

अगदी तुझ्यासारखीच केस झालेली आहे, १९७२ ची, मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावात. बाईला बाळंतपणाच्या वेळीच ट्यूब्ज, म्हणजे गर्भनलिका, बांधून हव्या होत्या, गावात बाळंतपणाची सोय असलेलं एकच हॉस्पिटल आणि ते कॅथलिक. नवरा-बायको कोर्टात गेले आणि पहिल्यांदा जिंकलेसुद्धा, हॉस्पिटलने हे ऑपरेशन अडवू नये असा कोर्टाने हुकूम दिला, सरकारी मदत आणि सरकारी परवाना घेता ना मग, असं त्यामागचं कारण. पण पुढच्याच वर्षी, १९७३ ला, गर्भपाताचा हक्क देणारा सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आला आणि त्यानंतर काही महिन्यांत संसदेने एक कलम पास केलं. ते आणणारे सिनेटर आयडाहोचे फ्रँक चर्च, त्यांचं आडनावच चर्च, त्यामुळे त्याला चर्च अमेंडमेंट म्हणतात. त्यात सांगितलं की सरकारचा पैसा घेतला एवढ्या कारणावरून कुठलंही कोर्ट हॉस्पिटलला नसबंदी किंवा गर्भपात करायला भाग पाडू शकत नाही, जर ते त्यांच्या धर्माविरुद्ध असेल. झालं, बिलिंग्जचा हुकूम उठला, वरच्या कोर्टानेही १९७५ मध्ये तेच कायम केलं. म्हणजे तुझ्या आईचा जन्म झाला असेल नसेल तेव्हापासून हा प्रश्न असाच पडलाय. अलीकडे कॅलिफोर्नियात रेडिंग गावात एका बाईने असाच दावा लावला तेव्हा २०१६ च्या जानेवारीत कोर्टाने तिला तातडीचा हुकूम दिला नाही. म्हणून तुला खोटी आशा लावत नाही, कोर्टात जाऊन बाळंतपणाच्या आत काही हाती लागेल असं मला वाटत नाही.

पण मला यातलं सगळ्यात जास्त काय खुपतं माहितीये का? सद्सद्विवेक. या कायद्याचं सगळं समर्थन या एका शब्दावर उभं आहे, की कुणाला त्याच्या विवेकाविरुद्ध काम करायला लावू नका. आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे, एखाद्या डॉक्टरला हे ऑपरेशन करणं पाप वाटत असेल तर त्याच्या हातात सुरी देऊ नका, दुसरा डॉक्टर आणा. पण तुझ्या केसमध्ये बघ, डॉक्टर तयार, पेशंट तयार, नवरा तयार, पोट तर उघडणारच आहे, अजून थोड्या मिनिटांचं काम. नाही कोण म्हणतंय? इमारत. तुझ्या डॉक्टरबाईंचाही विवेक आहे ना गं, तो त्यांना सांगतोय की या बाईला परत दुसऱ्यांदा भूल द्यायला लावू नको. त्या विवेकाला त्या दारातून आत जागा नाही. तोच चर्च अमेंडमेंट सांगतो की डॉक्टरने दुसरीकडे कायदेशीर नसबंदी केली म्हणून त्याला कामावरून काढता येणार नाही, म्हणजे बाहेर त्यांना संरक्षण आहे, आत नाही. संस्थेला विवेक असतो आणि माणसाचा विवेक बाहेर ठेवायचा, हे मला गेली वीस वर्षं पटलेलं नाही.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांचं असंच झालं. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते, कॉलेज मिशनऱ्यांचं. त्यांची मतं संस्थेला झेपेनात, १९२५ मध्ये नोकरी गेली. गणिताचा संततिनियमनाशी काय संबंध, पण संस्थेचं मत आडवं आलं. त्यांनी नोकरी सोडली, काम नाही सोडलं, पुढे मरेपर्यंत मासिक चालवत राहिले. तुला हे अशासाठी सांगते की "ऑपरेशन करून टाका" हे तू जे सहज म्हणालीस ना, ते सहज म्हणता यावं म्हणून आपल्या भाषेत कुणीतरी फार किंमत मोजलेली आहे.

आता मिरजेबद्दल. अजिबात अपराधी वाटून घेऊ नकोस. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे, प्रोटेस्टंट. त्या मंडळींत नसबंदीवर कॅथलिकांसारखी सरसकट बंदी नाही. पण ते जाऊ दे, समजा असती तरी. तुझ्या आजीला वाचवलं हे उपकार आहेत आणि ते आयुष्यभर मानायचे, पण उपकार मानणं म्हणजे आपलं शरीर गहाण ठेवणं नव्हे. आणि कॅथलिक म्हणजे सगळे एका मताचे असंही समजू नकोस. फीनिक्सला सेंट जोसेफ हॉस्पिटलात २००९ मध्ये एक बाई आली होती, चार मुलांची आई, ११ आठवड्यांची गरोदर, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब इतका वाढलेला की गर्भ राहिला तर दोघंही जाणार. हॉस्पिटलच्या नैतिक समितीत सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड होत्या, त्यांनी गर्भपाताला होकार दिला आणि ती बाई वाचली. बिशपने जाहीर केलं की या सिस्टरने स्वतःला चर्चबाहेर टाकून घेतलंय, आणि २०१० च्या डिसेंबरात हॉस्पिटलचं कॅथलिकपणच काढून घेतलं. हॉस्पिटल आपलं चालूच राहिलं. एक नन होती ती, तिने आधी बाई बघितली.

सविताची आठवण तुलाही झाली असणारच, आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार. आयर्लंडमध्ये गॉलवेला २०१२ च्या ऑक्टोबरात, १७ आठवडे, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही ठोके चालू आहेत म्हणून थांबवून ठेवलं आणि सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेली, ३१ वर्षांची मुलगी. हा कॅथलिक देश आहे असं तिला सांगितलं गेलं. ते हॉस्पिटल सरकारी होतं, चर्चचं नव्हतं, तिथे देशाच्या घटनेतच नियम होता. २०१८ च्या मे महिन्यात लोकांनी मतदान करून तो काढून टाकला. मी तुला घाबरवायला हे सांगत नाहीये, तुझी गोष्ट वेगळी आहे, तुझं बाळ आता २६ आठवड्यांचं आहे, तुमचं दोघांचं काही अचानक झालं तर ते हॉस्पिटल सगळं करेल आणि चांगलं करेल, कशाला कमी करणार नाहीत. म्हणून पाणी गेलं, रक्त गेलं, कळा सुरू झाल्या तर ७० मैल बिलकुल जायचं नाही, जवळच्याच हॉस्पिटलला जायचं. हे नवऱ्यालाही नीट सांगून ठेव, नाहीतर घाईत भलता शहाणपणा होतो.

मग करायचं काय. तुझ्या डॉक्टरबाईंना फोन कर आणि एकच विचार, तुम्हाला त्या ७० मैलांवरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायची परवानगी आहे का, तिथले प्रिव्हिलेजेस आहेत का. काही डॉक्टरना दोन्हीकडचे असतात. असतील तर प्रश्नच मिटला, तारीख तिथली घ्यायची. नसतील तर म्हणायचं, तिथल्या कुणाकडे तरी मला पाठवा, आणि माझी फाइल, पहिल्या सीझरच्या नोंदींसकट, आजच पाठवा. हे आत्ता का म्हणते, तर दिवस भरत आले की नवीन डॉक्टर दुसऱ्याची पेशंट घ्यायला कचरतात. तुझं सीझर ठरलेलं आहे हा मोठा फायदा आहे बघ, कळांची वाट बघायची नाही, तारीख हातात असते, आदल्या दिवशी जाऊन मोटेलात राहायचं, पहिल्या पोराला ओळखीच्या कुणापाशी ठेवायचं. ७० मैल मग फार नाहीत.

नवीन हॉस्पिटलचा होकारसुद्धा नुसता तोंडी घेऊ नकोस. वॉशिंग्टन राज्यात हॉस्पिटलांना बायकांच्या आरोग्याच्या कुठल्या सेवा देतो आणि कुठल्या देत नाही ते सरकारला लिहून द्यावं लागतं आणि वेबसाइटवरही टाकावं लागतं, तो कागद काढून बघ. कोलोरॅडोनेही २०२३ मध्ये पेशंटला आधी सांगा असा कायदा केला. माझ्या मते अख्ख्या देशात निदान एवढं तरी व्हायला हवं, तुमचा धर्म तुम्ही पाळा पण दारावर लिहा, म्हणजे बाई ३७ व्या आठवड्यात काउंटरवर उभी राहून रडणार नाही.

इन्शुरन्सला वेगळा फोन. बहुतेक खासगी प्लॅनमध्ये बाईचं हे ऑपरेशन फुकट असतं, ओबामाकेअर म्हणतात त्या आरोग्यविमा कायद्याचा नियम आहे तो, पण नवऱ्याची कंपनी धार्मिक संस्था असेल तर सूट घेतलेली असू शकते, म्हणून विचार. लांबचं हॉस्पिटल नेटवर्कबाहेर, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत नसलेलं, असेल तर नेटवर्क गॅप एक्सेप्शन मागायचं, हाच शब्द वापर, म्हणजे जवळच्या नेटवर्कमध्ये ही सेवा मिळतच नाही म्हणून बाहेरची नेटवर्कच्या दरात द्या. बोलणाऱ्या माणसाचं नाव, तारीख, रेफरन्स नंबर वहीत लिहून ठेवायचा, नंतर बिल आलं की ती वहीच कामाला येते. वाचणाऱ्यांपैकी कुणी मेडिकेडवर असेल तर तिच्यासाठी, संमतीच्या फॉर्मवर सही केल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि वय २१ पूर्ण लागतं. हा नियम १९७८ पासूनचा आहे, कारण त्याआधी गरीब, काळ्या, मेक्सिकन, आदिवासी बायकांची त्यांना न सांगता, न समजावता नसबंदी केलेली होती याच देशात. आपल्याकडे आणीबाणीत काय झालं ते आठव. म्हणून मी सगळ्यांनाच सांगते, सही लवकर करून ठेवा पण समजून करा.

डॉक्टरांशी बोलताना हेही विचार की ट्यूब्ज बांधायच्या की पूर्ण काढायच्या. हल्ली पूर्ण काढायचा सल्ला बरेच जण देतात, कारण अंडाशयाच्या कॅन्सरचा बराच भाग मुळात ट्यूबमध्ये सुरू होतो असं दिसलंय. पण ती परत न जोडता येणारी गोष्ट आहे, तर तुझं मन पक्कं आहे ना हे एकटीने, शांत बसून, कुणी शेजारी नसताना स्वतःला विचार. आणि एक गोष्ट करू नकोस. कुणीतरी सुचवेल की कॅन्सरची भीती किंवा असलंच काही वैद्यकीय कारण लिहून घ्या म्हणजे कॅथलिक हॉस्पिटलही करून देईल. खरं कारण असेल तर जरूर सांग, सीझर कितवं, मागच्या वेळी काय गुंतागुंत झाली, सगळं. पण खोटं लिहून घेऊ नकोस, ते कागद आयुष्यभर तुझ्यामागे येतात आणि अडचणीत येतात त्या डॉक्टरबाई.

आता तुझ्या नवऱ्यासाठी. जावईबापू, तुमचंही ऑपरेशन असतं. ते हॉस्पिटलात करावंच लागत नाही, युरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात, नुसती जागा बधिर करून, अर्ध्या तासाच्या आत होतं, दोन-चार दिवस आराम, मग तीन महिन्यांनी एक तपासणी, तोवर काळजी घ्यायची. दवाखाना कॅथलिक संस्थेचा नसेल तर त्याला बिशपची परवानगी लागत नाही आणि कदाचित ७० मैलही नाहीत. बाईचं पोट एकदा फाडलेलं आहे, दुसऱ्यांदा फाडणार आहेत, आणि तिसऱ्यांदा भूल द्यायची वेळ आलीच तर घरातल्या दुसऱ्या माणसाने एकदा तरी याचा विचार केलाय का, एवढंच मी विचारते. लेकी, तू त्याच्यावर हे ढकलू नकोस पण जेवताना विषय काढ, मोकळेपणाने. मराठी घरात हा विषय निघतच नाही, बाईचं ऑपरेशन हे जसं काही नैसर्गिक आहे असं धरून चालतात.

सासूबाईंचं म्हणणं मला वाईट हेतूचं वाटत नाही गं. त्यांच्या डोळ्यांसमोर आपलं तालुक्याचं हॉस्पिटल आहे, दुसऱ्या बाळंतपणाला सगळ्यांचं होतं, झालं. पण पुढच्या वर्षी म्हणजे कधी? व्हिसाचा स्टॅम्प, तिकिटं, अंगावर पिणारं बाळ, मग परत पोटावर टाके, आणि मधल्या काळात दिवस गेले तर? सीझरनंतर इतक्या लवकर दुसरं गर्भारपण पिशवीवरच्या टाक्यांना बरं नसतं, हे त्यांना सांग, माझं उदाहरण सांग हवं तर. सीझरसाठी त्या ७० मैलांवर जायचं नाहीच जमलं तर इथे अमेरिकेतच, बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर, दुसऱ्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून करून घेता येतं, तोपर्यंत तांबी किंवा दुसरं काही, तेही डॉक्टरांच्या बाहेरच्या क्लिनिकमध्ये मिळतंय का ते आधीच विचारून ठेव.

भांडू की गप्प बसू हा तुझा शेवटचा प्रश्न. आत्ता पोटात बाळ असताना भांडायची सगळी ताकद हॉस्पिटल बदलण्यात घाल. पण बाळंतपण झालं, टाके सुकले की बस आणि एक पत्र लिही, त्या हॉस्पिटलला आणि राज्याच्या आरोग्य खात्याला, साध्या शब्दांत, मला काय हवं होतं, काय सांगितलं गेलं, मला किती लांब जावं लागलं. एच-वनवर आहोत म्हणून तक्रार करता येत नाही असं काही नाही, पेशंट म्हणून तुझा हक्क व्हिसावर नाही. मी २००६ ला ते पत्र लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, माझ्या मागून त्या काउंटरवर किती बायका उभ्या राहिल्या असतील.

डॉक्टरांचं ऑफिस सकाळी आठला उघडत असेल, उद्या आठ वाजून एक मिनिटांनी फोन लाव आणि प्रिव्हिलेजेसचं तेवढं विचार. काय म्हणाल्या ते मला कळव, मी वाट बघते.

– तुझी मावशी